डाव्या पायाचं कलबूत

दुकान आवरताना सापडलं,
पोत्यात, रापी आणि मोडक्या आऱ्यांखाली:
लाकडाचा एक डावा पाय.
उजवा कुठे गेला माहीत नाही.
तळव्यावर खिळ्यानं कोरलेलं, मॅकल.
पूर्ण नाव मॅकिल्रेथ. ते बापाच्या जिभेवर बसेना,
म्हणून बसलं तेवढं ठेवलं.

छत्तीस साली तो नाशिकरोडच्या प्रेसमध्ये आला,
नोटांच्या यंत्रांची देखभाल करायला.
त्याआधी स्कॉटलंडात चौदा हंगाम पगारी फुटबॉल.
पगारी, हा शब्द बाप दोनदा म्हणायचा.
खेळायचे पैसे देणारा देश,
आणि उन्हाळ्यात मैदान बंद म्हणून तेच पैसे तोडणारा.
मग तो कोळशाच्या खाणीत उतरायचा.
'आपलंच की,' बाप म्हणे,
'पावसाळ्यात बूट कोण शिवून घेतो?'

देवळाली कॅम्पात, लॅम रोडच्या कडेला आमची टपरी.
तो खोक्यावर बसला, मोजा काढला,
पाय बापाच्या मांडीवर ठेवला.
बापानं कागद पसरून पेन्सिल फिरवली.
संध्याकाळी वस्तीत कुणी म्हणालं,
लहानूनं गोऱ्याचे पाय धरले.
बाप सहा वर्षांपूर्वी देवळाच्या दाराशी
दगड झेलून आलेला माणूस.
म्हणाला, धरले नाहीत. मोजला.
एकच. दुसरा उद्या.

कागदावरचा पाय सरळ नव्हता.
करंगळी शेजारणीवर चढलेली,
अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढं हाड,
घोट्याखाली खळगा,
जिथे बाविसाव्या वर्षी कुणाचा तरी बूट
आत शिरून बाहेर आला होता.
बापानं कलबुतावर चामड्याचे तुकडे चिकटवले,
फुगवट्याला फुगवटा.
हा चोवीस-पंचवीसचा हंगाम, दुसरा विभाग.
हा राखीव संघात काढलेल्या दोन वर्षांचा.
हा पातळसा,
क्लबानं यादीतून नाव कापलं
आणि पत्र आईच्या पत्त्यावर गेलं, तेव्हाचा.
बोट फिरवलं तर अजून हाताला लागतात.

एक गोल मात्र तो दर वेळी वेगळा सांगायचा.
कधी चिखलात, कधी बर्फात,
कधी डोक्यानं, कधी ह्याच डाव्यानं,
बघायला कधी आठ हजार माणसं, कधी वीस.
बाप हिंदीत ऐकायचा, तो कशात सांगायचा देव जाणे.
आई म्हणायची, थापाड्या आहे.
बाप म्हणायचा, गोल असेल खोटा,
हाड खोटं बोलत नाही.

अडतीसच्या जानेवारीत प्रेस विरुद्ध तोफखाना.
मॅकलचं वयही अडतीस.
पहिल्या अर्ध्यात तो कुणाला दिसलाच नाही.
दुसऱ्यात मधल्या रेषेवर चेंडू पायाखाली घेऊन
उभा राहिला,
नुसता उभा, एक श्वासभर,
आणि तोफखान्याचे तिघे
कुठून जावं ते ठरवता ठरवता कोरड्या मातीत घसरले.
मग त्यानं चेंडू सोडून दिला.
गोल मारला कटिंग खात्यातल्या दगडू निरभवणेनं, अनवाणी.
सगळे दगडूकडे धावले.
बाप बुटांकडे बघत होता. टाके धरले होते.

चाळीस साली त्यानं नवा जोड सांगितला,
एक रुपया आगाऊ दिला,
न्यायला आला नाही.
लढाईवर गेला म्हणतात. बोटीनं घरी गेला म्हणतात.
बापानं जोड अकरा पावसाळे तेल लावून सांभाळला,
शेवटी दगडूच्या पोराला दिला.
त्याला चावला.
दुसऱ्याचे चौदा हंगाम, त्याच्या पायात कुठून मावणार?

भंगारवाला दारात उभा आहे.
लाकूड चांगलं आहे म्हणतो, द्यायचं का?
माझा अंगठा त्या सुपारीएवढ्या हाडावर.
म्हटलं, हे राहू दे.
गिऱ्हाइकाचा एक रुपया
आमच्याकडे जमा आहे.